१४ लाख भरून हॉस्पिटल मॅनेजमेंट करू का?

पत्र मिरजेहून आलंय, थोडक्यात देते.

"ताई, मी २५ वर्षांची आहे, बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री झालीय आणि दीड वर्ष एका हॉस्पिटलच्या आयसीयूत फिजिओथेरपिस्ट आहे, पगार १६ हजार. मला हॉस्पिटल चालवायचंय, म्हणून हॉस्पिटल मॅनेजमेंटला जायचंय. पुण्याच्या एका खासगी डीम्ड युनिव्हर्सिटीत एमबीएला नंबर लागतोय, फी, हॉस्टेल, मेस सगळं धरून २ वर्षांचे १४ लाख होतात. बाबा एसटीत कंडक्टर आहेत, ३ वर्षांनी रिटायर होतील, ते म्हणतात ४ लाख पीएफमधून काढतो, १० लाख लोन घेऊ. मैत्रीण म्हणते ऑनलाइन एमबीए कर, पावणेदोन लाखात होतं, नोकरी पण राहते. अमेरिकेतली मावसबहीण म्हणते इकडे ये, इथे या लाइनला खूप पैसा आहे. कॉलेजवाले म्हणतात १०० टक्के प्लेसमेंट. ताई, जास्त फी भरली की जास्त पगार मिळतो का एवढंच सांगा. आम्ही ओबीसी आहोत, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. बाबांना काय सांगू ते पण सांगा."

अगं, तू शेवटच्या ओळीत ओबीसी आणि उत्पन्नाचं जे सहज लिहून टाकलंयस ना, माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, तिच्याकडे मी येतेच पण आधी तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर म्हणशील ताईंनी विषय बदलला.

जास्त फी म्हणजे जास्त पगार असं आपल्या लाइनला होत नाही. म्हणजे अगदीच होत नाही असं नाही, मोठ्या नावाच्या बिझनेस स्कूलमधून हेल्थकेअर केलेली मुलं जास्त पगारावर लागतात, पण ती हॉस्पिटलमध्ये लागत नाहीत. ती जातात कन्सल्टिंगला, हेल्थ-आयटीला, फार्मात, इन्शुरन्स कंपन्यांच्या डेटाच्या कामाला. गोव्यात साखळीला जीआयएम आहे, त्यांचा हेल्थकेअर मॅनेजमेंटचा पीजीडीएम, म्हणजे एमबीएच्या तोडीचा डिप्लोमा आहे, तिथली फी बिझनेस स्कूलच्या हिशोबाची आणि नोकऱ्या पण बऱ्याचशा त्याच हिशोबाच्या. त्यात वाईट काही नाही, पण तू मला लिहिलंयस की "मला हॉस्पिटल चालवायचंय", आणि हॉस्पिटलमध्ये नवीन एमबीएला ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह किंवा क्वालिटी एक्झिक्युटिव्ह म्हणून घेतात, आणि त्या खुर्चीचा पगार हॉस्पिटलने आधीच ठरवलेला असतो. समोरची मुलगी १४ लाखवाल्या कॉलेजातून आलीय की २ लाखवाल्या, त्याने महिन्याला दोन-चार हजारांचा फरक पडतो. मी गेली १०-१२ वर्षं पुण्यात या पोस्टचे इंटरव्ह्यू घेतेय, फ्रेशरला २२ ते ३० हजार हातात, एवढंच मी बघत आलेय, क्वचित ३५.

मागे एक मुलगा आला होता इंटरव्ह्यूला, नागपूरकडचा, खूप हुशार. सगळं नीट बोलला आणि शेवटी मी पगार सांगितला तेव्हा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, मॅडम माझा हप्ताच १९ हजार आहे. त्याने ती नोकरी घेतली नाही, एका इन्शुरन्सच्या कॉल सेंटरला गेला कारण तिथे ६ हजार जास्त होते. त्याला ऑपरेशन थिएटरच्या शेड्युलिंगमध्ये रस होता, प्रोजेक्ट पण त्यावरच केला होता. कर्जाने त्याची लाइनच बदलली. तुझं पत्र वाचताना मला तोच आठवत होता म्हणून एवढं लांब उत्तर लिहितेय.

आता तुझा हिशोब करू, कागद घे. १० लाखांचं लोन, व्याज साडेदहा टक्के धरू. पहिल्या वर्षी ५ लाख उचललेस, दुसऱ्या वर्षी ५. एज्युकेशन लोनला कोर्स अधिक १ वर्ष हप्ता नसतो हे खरं, पण व्याज तेव्हाही चालूच असतं आणि ते बरेच पालक विचारतच नाहीत. पहिल्या वर्षी ५२,५०० व्याज, दुसऱ्या वर्षी १,०५,०००, तिसऱ्या वर्षी परत १,०५,०००. म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशी तुझ्या डोक्यावर १० नाही, १२ लाख ६२ हजार असतात. १० वर्षांची मुदत घेतलीस तर महिन्याचा हप्ता १७ हजारांच्या आसपास येतो, आणि १० वर्षांत बँकेत २० लाखांच्या वर जातात. पगार २८ हजार धर, १७ हप्ता, उरले ११. पुण्यात पीजी आणि डबा यातच तेवढे जातात. बाबा तोपर्यंत रिटायर झालेले, आणि पीएफमधले ४ लाख आधीच गेलेले. शिवाय २ वर्षं तू नोकरी सोडणार, १६ हजाराने ३ लाख ८४ हजार होतात, ते पण याच डिग्रीच्या किमतीत धरायचे, कारण ते तुझ्या हातात येणार होते.

पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना आहे ना असं कोणीतरी सांगेल. आहे, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाली, त्यात ठरावीक चांगल्या संस्थांच्या यादीतलं कॉलेज असेल तर जामीनदार आणि तारण लागत नाही, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. चांगली योजना आहे, लागलं तर जरूर घे, पण वरच्या हिशोबात त्याने हप्ता हजारभराने खाली येईल, १७ चे ७ होणार नाहीत.

१०० टक्के प्लेसमेंटबद्दल. कॉलेजने दिलेला कागद बाजूला ठेव आणि त्यांच्या वेबसाइटवर एनआयआरएफ असं कुठेतरी खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते उघड. केंद्र सरकारच्या या रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती साइटवर टाकावी लागते, त्या पीडीएफमध्ये एक तक्ता असतो, किती मुलं घेतली, किती वेळेत पास झाली, किती प्लेस झाली, किती पुढे शिकायला गेली, आणि प्लेस झालेल्यांचा मेडियन पगार. मेडियन म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं की बरोबर मधल्याचा पगार. ब्रोशरमध्ये मात्र ॲव्हरेज असतो आणि हायेस्ट असतो. समजा १० मुलं आहेत, ९ जणांना ३ लाख ६० हजार आणि एकाला १८ लाख, तर ॲव्हरेज ५ लाखांच्या वर जातो, आणि ५ लाख तर वर्गात कोणालाच मिळालेले नसतात! त्यामुळे ॲव्हरेज ऐकून घरी हिशोब करू नकोस. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव, त्या पीडीएफमधला आकडा सगळ्या २ वर्षांच्या पीजी कोर्सेसचा मिळून असतो, म्हणजे फायनान्स-मार्केटिंगवाले पण त्यातच, म्हणून हेल्थकेअरचा वेगळा आकडा कॉलेजला ईमेलवर माग. फोनवर नको, ईमेलवर. देणारं कॉलेज देतं. जे देत नाही त्याने तुला उत्तर दिलंच असं समज. आणि १०० टक्के कशाचे ते पण विचार, बऱ्याच ठिकाणी प्लेसमेंटला नाव नोंदवलेल्यांपैकी १०० टक्के असतात, आणि अटेंडन्स कमी, बॅकलॉग असली कारणं सांगून काही मुलांचं नावच नोंदवून घेत नाहीत.

याहून खात्रीची रीत मी माझ्या भाचीला सांगितली होती ती तुला पण सांगते. लिंक्डइनवर जा, कॉलेजचं नाव टाक, ४ वर्षांपूर्वी पास झालेली बॅच शोध आणि यादीत येतील ते पहिले २० जण घे, कॉलेजने निवडून दिलेले ४ नाही. वहीत लिही, पहिली नोकरी कुठे, आता कुठे, मधे किती बदल, हॉस्पिटलमध्ये राहिले की बाहेर पडले. त्यातल्या ५ जणांना साधा मेसेज कर, मी मिरजेची फिजिओ आहे, १० मिनिटं बोलाल का. दोघं तरी उत्तर देतातच. त्यांना पगार विचारायला लाज वाटत असेल तर असं विचार की आज परत हाच कोर्स एवढीच फी भरून केला असता का. भाचीने हे केलं तेव्हा २० पैकी ८ जण ४ वर्षांनी हॉस्पिटलमध्येच नव्हते, आणि हे तिला कॉलेजच्या सेमिनारमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

बरं, आता ओबीसीकडे येते. ८ जुलै २०२४ ला महाराष्ट्र सरकारचा एक जीआर निघाला, तुझ्या घरी कोणीच वाचलेला दिसत नाही. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुली, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, यांना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ, २०२४-२५ पासून. आधी ही सवलत निम्मी होती, मुलींसाठी पूर्ण केली. एमबीए यात येतं. पण अट अशी की ॲडमिशन सरकारच्या कॅप राउंडमधून (एकत्रित प्रवेश फेरीतून) पाहिजे, म्हणजे एमबीए सीईटी देऊन. मॅनेजमेंट कोट्याला नाही, आणि डीम्ड किंवा खासगी युनिव्हर्सिटीला नाही. म्हणजे तू जिथे १४ लाख भरायला निघालीयस तिथे ही माफी एक रुपयाची पण लागू नाही, आणि पलीकडच्या गल्लीतल्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात तुझी ट्यूशन फी शून्य! एवढा फरक आहे आणि तो आपल्याकडच्या निम्म्या पालकांना माहीत नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एजंट हे सांगत नाही, त्याचं कमिशन दुसरीकडे असतं.

ट्यूशन आणि परीक्षा फी सोडून बाकीचं मात्र भरावं लागतं, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, कॉलेजच्या इतर छोट्यामोठ्या फिया, त्याचे २ वर्षांचे अडीच-तीन लाख धरून चाल. ओबीसी मुलांना बाहेरगावी राहून शिकायला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिची पण चौकशी कर. कोणत्या खासगी कॉलेजची फी किती ठरलीय ते राज्याच्या फी रेग्युलेटिंग ॲथॉरिटीच्या साइटवर कॉलेजवार असतं, कॉलेज तोंडी काही वेगळंच सांगत असेल तर ते उघडून दाखवायचं. कागदं आत्तापासून जमव, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, कारण कॅप राउंड सुरू झाला की सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि एका नॉन-क्रिमिलेअरसाठी सीट गेलेल्या मुली मी बघितल्यात.

या रस्त्यात कमी काय आहे ते पण सांगते, नाहीतर ते एकतर्फी होईल. संलग्न कॉलेजातला एमबीए हा साधा एमबीए असतो, पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात फार्मा अँड हेल्थकेअर मॅनेजमेंट असं स्पेशलायझेशन आहे, पण प्रत्येक कॉलेज ते चालवतंच असं नाही, आणि चालवलं तरी हेल्थकेअरचे मोजकेच पेपर. शिकवणाऱ्याने वॉर्डात कधी पाय ठेवलेला असेलच असं नाही. हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या खास कोर्सला सीएसएसडी (निर्जंतुकीकरण), एमआरडी (रेकॉर्ड), ओटी (ऑपरेशन थिएटर), इमर्जन्सी, स्टोअर असं प्रत्येक डिपार्टमेंटला महिना-पंधरा दिवस उभं करतात, ते इथे मिळणार नाही. पण अगं, हे ज्या मुलीने कधी हॉस्पिटल बघितलं नाही तिच्यासाठी मोठं नुकसान. तू दीड वर्ष आयसीयूत पेशंटला चेस्ट फिजिओ देतेयस, तुला कोणी वॉर्ड म्हणजे काय ते शिकवायला लाखो रुपये घ्यायची गरज नाही. तुला पाहिजे ते अकाउंट्स, कॉस्टिंग, स्टॅटिस्टिक्स, एचआर, कायदे, एक्सेल, आणि हे साध्या एमबीएतही मिळतं. समर इंटर्नशिप मात्र तू स्वतः ठरव, किमान २००-३०० बेडचं हॉस्पिटल बघ आणि तिथे दोन महिने एकच प्रश्न घेऊन बस.

कोणता प्रश्न ते उदाहरण देते. डॉक्टर सकाळी राउंडला येतात, ११ वाजता म्हणतात आज डिस्चार्ज. पेशंट घरी जातो संध्याकाळी ५ ला. मधल्या ६ तासांत काय झालं? तू घड्याळ आणि वही घेऊन एका फाइलच्या मागे चाल. डिस्चार्ज समरी टाइप करणारी मुलगी दुसऱ्या वॉर्डात होती, पाऊण तास. परत करायची औषधं फार्मसीत गेली नव्हती, सिस्टर दुसऱ्या पेशंटला सलाइन लावत होती, एक तास. बिलिंगला फिजिओच्या तीन सेशनची नोंद नव्हती म्हणून फाइल परत वर आली, (ही चूक तुमच्या डिपार्टमेंटची, तुला माहीत असेल). मग बिल टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या एजन्सीला) गेलं आणि तिथे बसलं. विमा नियामक इर्डाने २०२४ च्या मे महिन्यात नियम केला की कॅशलेसची पहिली मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी ३ तासात द्यायची, पण हॉस्पिटलने कागद अर्धवट पाठवला की उलट प्रश्न येतो आणि वेळ जातो. असे ५० पेशंट मोज, कुठे किती मिनिटं जातात त्याचा तक्ता कर, आणि त्यातली एक गोष्ट बदलून परत ५० मोज. इंटरव्ह्यूला हा तक्ता घेऊन आलेल्या मुलीचं कॉलेज मी विचारत पण नाही. तिकडे बेडवर बसून कपडे भरलेल्या पिशवीकडे बघत सहा तास काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी हे काम आहे, आणि ते करणाऱ्यांची फार गरज आहे.

टिस विसरू नकोस. मुंबईत देवनारला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, १९३६ पासूनची संस्था, तिथला हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा मास्टर्स आपल्या क्षेत्रात सगळ्यात मानाचा समजला जातो, आणि खासगी डीम्डच्या मानाने फी कमी. तिथली मुलं हॉस्पिटलमध्येच राहतात आणि वर जातात, कारण त्यांना कामाला जुंपून शिकवतात आणि सीनियर लोक प्रत्येक मोठ्या शहरात बसलेले आहेत. सीटा कमी, स्पर्धा जास्त. प्रवेश परीक्षेची पद्धत गेल्या काही वर्षांत बदलत आलीय म्हणून या वर्षीची नोटीस त्यांच्याच साइटवर बघ, क्लासवाल्याच्या नाही. एक वर्ष अभ्यासाला दिलंस तरी फायदाच आहे. जयपूरचं आयआयएचएमआर पण १९८४ पासूनचं आहे, नाव चांगलं आहे, पण तिथे परत खासगी फीचा प्रश्न येतो, वरचाच हिशोब लाव. एम्सचं आणि पुण्यात एएफएमसीचं हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन एमबीबीएसवाल्यांसाठी असतं, ते कोणी सुचवलं तर वेळ घालवू नको.

ऑनलाइनबद्दल माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. ऑनलाइन एमबीए वाईट नाही, पण तो कधी उपयोगी पडतो तर तू आधीच ॲडमिनिस्ट्रेशनच्या खुर्चीत असशील तेव्हा. क्वालिटीत किंवा ऑपरेशन्समध्ये काम करणाऱ्या मुलीला प्रमोशनसाठी फाइलमध्ये पीजी पाहिजे असतं, तिथे तो चालतो, आमच्याकडे दोन डेप्युटी मॅनेजर तसेच झालेत. फिजिओच्या डिपार्टमेंटमध्ये राहून ऑनलाइन केलास तर २ वर्षांनी तू एमबीए झालेली फिजिओ असशील, पगार तोच. कोर्स घेण्याआधी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर त्या युनिव्हर्सिटीचं आणि त्या कोर्सचं नाव त्या वर्षासाठी आहे का ते स्वतः बघ. २०२५ मध्ये यूजीसीने सायकॉलॉजी, न्यूट्रिशन असे आरोग्याशी संबंधित बरेच कोर्स ऑनलाइन-डिस्टन्सने बंद केले, त्यामुळे जाहिरातीवर विसंबू नये. इग्नूचा हॉस्पिटल अँड हेल्थ मॅनेजमेंटचा १ वर्षाचा पीजी डिप्लोमा पण आहे, पात्रतेत तुझी डिग्री आणि अनुभव बसतो का ते माहितीपत्रकात बघून घे. मी स्वतः बिलिंग काउंटरवर असताना पोस्टाने येणारी पुस्तकं वाचून डिप्लोमाच केला होता, नाइट ड्युटीला दोन ते चार काउंटर शांत असायचा तेव्हा वाचायचे.

अमेरिकेत या लाइनला पैसा आहे हे मावसबहिणीचं म्हणणं खोटं नाहीये. तिकडच्या सरकारी कामगार खात्याप्रमाणे मे २०२३ ला मेडिकल अँड हेल्थ सर्व्हिसेस मॅनेजर लोकांचा मेडियन पगार वर्षाला १,१०,६८० डॉलर होता. पण तो वर्षानुवर्षं काम केलेल्या मॅनेजरांचा मिळून आहे, एमएचए (हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशनचा मास्टर्स) करून बाहेर पडलेल्या परदेशी मुलीचा नाही. तिकडे हा कोर्स सहसा स्टेममध्ये (सायन्स-इंजिनियरिंगच्या यादीत) धरत नाहीत, म्हणजे शिक्षणानंतर कामाची परवानगी १ वर्ष, इंजिनियर मुलांसारखी ३ वर्षं नाही. आणि हॉस्पिटल चालवायचं म्हणजे तिथली इन्शुरन्स पद्धत, मेडिकेअर हा सरकारी विमा, कायदे, सगळं तिथलं, परत यावं लागलं तर इथे त्याचा उपयोग थोडा. एवढं मोठं कर्ज डॉलरमध्ये घेऊन तुझ्या घरच्या परिस्थितीत मी तरी हो म्हणणार नाही. मावसबहीण प्रेमाने सांगतेय, तिला राग येईल असं उत्तर देऊ नको, एवढंच सांग की आधी इथे ३ वर्षं काम करते.

आता मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. या वर्षी १४ लाखवाल्या सीटचे टोकन पैसे भरले नसते. आहे त्याच हॉस्पिटलमध्ये क्वालिटीच्या मॅडमना भेटून म्हटलं असतं की मला आठवड्यातले दोन अर्धे दिवस तुमच्याकडे काम द्या. एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन) असेल किंवा घ्यायचं चाललं असेल तर त्यांना क्लिनिकल भाषा समजणारं माणूस पाहिजेच असतं, पेशंट पडला की इन्सिडंट रिपोर्ट कसा लिहायचा, हँड हायजिनचं ऑडिट, कन्सेंट फॉर्म अपुरा कुठे, हे तू पहिल्या दिवसापासून करू शकतेस. मिरज तर १८९४ पासून मिशन हॉस्पिटलचं गाव, कर्नाटकातून पण पेशंट येतात, तुझ्या गावात शिकायला हॉस्पिटलं कमी नाहीत. महात्मा फुले योजना, म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना, तिच्या डेस्कवर पण बस जमलं तर. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झालेली, २०१७ ला नाव बदललं, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि आपल्याकडच्या मध्यम हॉस्पिटलांचं बरंच उत्पन्न त्या क्लेमवर चालतं. प्री-ऑथ (उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज) कसं पाठवतात, क्लेम का रिजेक्ट होतो, कोणता एक फोटो राहिला म्हणून पैसे अडकले, हे ज्याला कळतं त्याला नोकरी शोधावी लागत नाही.

हे ६-८ महिने करता करता एमबीए सीईटीचा अभ्यास, आणि टिसची तयारी बरोबरच. टिस मिळालं तर डोळे झाकून जा, थोडं लोन झालं तरी. नाही मिळालं तर कॅपमधून, कोल्हापूर, पुणे जिथे हेल्थकेअरचं स्पेशलायझेशन खरंच चालतं तिथे. ३ लाखांचं लोन झालं तर ५ वर्षांसाठी व्याज धरून हप्ता ८ हजारांच्या आसपास बसेल, तो २८ हजारात देता येतो, आणि पहिली नोकरी आवडली नाही तर सोडता पण येते. फिजिओच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मात्र कधी लॅप्स होऊ देऊ नको. आणि समजा ६ महिन्यांनी तुला कळलं की हे फाइलचं, भांडणाचं, रात्री ११ ला पेशंटच्या नातेवाइकांना समजवायचं काम आपल्याला नको, आपल्याला पेशंटला चालवायलाच आवडतं, तर ते पण एक रुपया न घालवता कळलेलं असेल.

राहिले बाबा. त्यांना नाही म्हणू नको, ते दुखावतील, मुलीच्या शिक्षणासाठी पीएफ काढायला तयार झालेला माणूस आहे. रविवारी त्यांच्या शेजारी बस, वरचा हिशोब त्यांच्याच हाताने कागदावर लिहायला लाव, ५२,५००, १,०५,०००, १,०५,०००, खाली बेरीज. आयुष्यभर तिकिटाच्या ट्रेचा हिशोब रोज डेपोत जुळवून दिलाय त्यांनी, त्यांना तुझ्यापेक्षा लवकर कळेल. मग तो जीआर त्यांना मोबाईलवर दाखव. आणि तहसीलला उत्पन्नाचा दाखला काढायचं काम त्यांच्याकडे दे, त्यांचा वीकली ऑफ आठवड्याच्या मधल्या वारी येईल तेव्हा, त्या दिवशी गर्दी कमी असते.